पहिली वीस मिनिटं

एके काळी रस्त्यावर एखादी फियाट किंवा अँबॅसिडर सावकाश चाललेली दिसे आणि तिच्या मागच्या काचेवर कागद चिकटवलेला असे : ‘रनिंग इन’. गाडी नवी आहे किंवा इंजिन नुकतंच बांधलंय, मागच्यांनी सांभाळून घ्यावं, एवढीच विनंती. तो कागद आता दिसत नाही. हल्लीच्या इंजिनांचे भाग कारखान्यातून निघतानाच फार बारीक मापात जुळलेले असतात. कंपनीचं पुस्तक अजूनही सुरुवातीला जपून चालवा असं सांगतं, पण ते पान उघडणारे थोडे. मला वाटतं, त्या कागदाबरोबर एक समजही गेली. वस्तू जोडून झाली म्हणजे तयार झाली असं नसतं. उरलेली तयारी वापरातच होते.

लामत्याला आमच्या घरच्या 1976 च्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन बांधून झालं, तेव्हा ही समज जवळून पाहायला मिळाली. धानाच्या बांध्या आणि सागाचं जंगल यांच्यामधलं हे बालाघाट जिल्ह्यातलं स्टेशनाचं गाव. ब्लॉकचा बोअर आणि क्रँकचं ग्राइंडिंग गोंदियाला झालं. बाकी सगळं तिरोड्याकडच्या मिस्त्रींनी पडवीत ताडपत्री अंथरून बांधलं.

ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट 1100 चं भारतीय रूप तयार होऊ लागलं आणि 1970 च्या दशकात त्याला पद्मिनी हे नाव मिळालं. चार सिलिंडर, 1089 सीसी, बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या राबली. 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं टॅक्सीवाल्यांनी तिला सोडलं नाही, कारण बिघडली की नाक्यावरचा मिस्त्री ती उघडून पुन्हा बांधू शकत असे. बोअर झिजला तर तो थोडा मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक झिजला तर घासून बारीक करून जाड शेल. झीज होणारच हे धरूनच ते इंजिन आखलेलं होतं.

सुरू करण्याआधीची तयारी पाहण्यासारखी असते. मिस्त्रींनी एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि हाताखालच्या मुलाला पुली फिरवायला सांगितली. पिस्टन दोनदा वर येतो : एकदा जळालेला वायू बाहेर ढकलायला, एकदा हवा-पेट्रोल दाबायला. दोन्ही वेळा पुलीवरची खूण त्याच जागी येते. डोळ्यांना फरक कळत नाही, अंगठ्याला कळतो. दाबाची फेरी आली की हवा अंगठा उचलून फस्सकन बाहेर पडते. तिथे थांबायचं आणि प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोचा रोटर एक नंबरच्या तारेकडे आहे ना, ते पाहायचं. तो अर्धी फेरी चुकला तर ठिणगी भलत्या वेळी पडते आणि कार्बोरेटरमधून भडका येतो. मग पॉइंटला छोटा बल्ब जोडून डेल्को केसभर फिरवला. बल्ब पेटला तिथेच आवळला. शेवटी चारही प्लग काढून, कॉइलची तार सोडून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. जाळ होण्याआधी तेल सगळीकडे पोचलेलं हवं.

प्लग बसले, चोक ओढला, इंजिन खोकलं आणि चालू झालं. अंगणात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला. आता बंद करून चहा घ्यावा असं सगळ्यांच्याच मनात होतं. मिस्त्री म्हणाले, “रेस सोडू नका भाऊ. बंदही नका करू.” पुढची वीस मिनिटं इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत ठेवलं. सायलेन्सरच्या पाइपावर हातांचं तेल लागलेलं होतं, ते जळून बॉनेटखालून धूर निघाला. दोघंतिघं घाबरून मागे सरले. मिस्त्री टॉर्च घेऊन फक्त गळती शोधत होते.

याचं कारण साधं आहे. या जातीच्या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना मुख्यतः क्रँकवरून उडालेलं तेल मिळतं. इंजिन हळू फिरलं तर तेल कमी उडतं, आणि नवा कॅम व नवा टॅपेट पहिल्याच भेटीत एकमेकांना खरवडतात. पिस्टनच्या रिंगांचंही तसंच. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यात तेल धरलं जातं. स्फोटाचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो, दोघांचे खरबरीत कंगोरे झिजतात आणि मगच दाब धरणारी जोड तयार होते. इंजिन जपायचं म्हणून नुसतं मंद चालत ठेवलं तर तो रेटा मिळत नाही, भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि इंजिन तेल पीत राहतं. म्हणून पहिल्या दिवसांत गाडी ताणायची नाही हे जितकं खरं, तितकंच तिला चढावर मधूनमधून दम लावायला द्यायचा हेही खरं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्याला काहीच भार दिला नाही, ते इंजिन जपण्यानेच बिघडतं.

आपल्याकडे टाळ्या पहिल्या क्षणाला पडतात. पाण्याची योजना, शाळेची प्रयोगशाळा, गावचं वाचनालय : पहिल्या दिवशी पाहुणे आणि फीत, नंतरच्या महिन्यांत व्हॉल्व्ह कोण आवळतो, पुस्तकं कोण देतं-घेतं, हे विचारायला कोणी नसतं. आणि नेमक्या त्याच महिन्यांत पुढच्या वीस वर्षांचा निकाल लागतो. शिकाऊ माणसाचंही असंच होतं. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने आधीच्या ठिकाणी बराच काळ घासलेटने नट धुण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मिस्त्रींनी त्याला तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा स्वतः चढवायला दिल्या. एक रिंग मोडली, दुसरी आणली, पुन्हा त्यालाच दिली.

हात असा कामातूनच तयार होतो, आणि काम थांबलं की जातो. लामत्यावरून 2015 पर्यंत अडीच फुटी रुळांवरची सातपुड्याची छोटी गाडी धावत असे. आता ब्रॉडगेज आहे, आणि ती हवीच होती. छोट्या गाडीच्या आठवणी नैनपूरच्या संग्रहालयात आहेत. मला तिथे जायला आवडतं, पण उभं इंजिन पाहून इंजिन चालवता येत नाही. तो हात चालवणाऱ्यांबरोबरच जातो. जुन्या मोटारींपुढेही हाच प्रश्न आहे. 2021 च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक दिला. जुन्या गाड्यांना मान मिळाला हे चांगलंच झालं. मात्र अशा गाडीला रस्ता मोकळा तो प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कामांपुरता. रोजच्या वापराला मनाई. आमच्या पद्मिनीसाठी मी ती वाट घेणार नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून नेहमीची नोंदणी वाढवून घेता येते, तीच बरी. तिने बालाघाटला बाजाराला जावं, पावसात चालावं.

तशी तयारी करायला हवी. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा टिकणार नाहीत, ते बदलायचे आहेत. हल्लीच्या बऱ्याच तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या भल्यासाठी, कॅमची झीज रोखणारं झिंक आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं, तेव्हा या कॅमला मानवेल असंच तेल शोधून आणायचं आहे. पाचशे किलोमीटर झाले की पहिलं तेल उतरवायचं, हेडचे नट गार इंजिनावर पुन्हा टॉर्कने आवळायचे, टॅपेट पुन्हा लावायचे. हे सगळं तो मुलगाच करणार आहे. मिस्त्री शेजारी बसतील, पाना हातात घेणार नाहीत.