सात वाजताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथल्या देवळावर संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही, मोबाइल बंद आणि मुलं अभ्यासाला. दीड तासाने दुसरा भोंगा, मग मोकळीक. कोरोनात शाळेसाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावाने काढलेला हा तोडगा.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आपल्याला काय हवं, याचं उत्तर मला या भोंग्यात सापडतं. आपल्याला 'आता पुरे' म्हणणारं कुणीतरी हवं आहे.

आज ही बुद्धिमत्ता 'आणखी एक' म्हणायला जुंपली आहे. रील सरकवताना अंगठा कुठे क्षणभर रेंगाळला, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, याची नोंद घेऊन पुढचा व्हिडिओ समोर येतो. माणूस खिळून राहावा, हेच त्या यंत्राला प्रामुख्याने शिकवलं आहे. खरं-खोटं पाहणं त्यात मागे पडतं. भीतीने आणि संतापाने माणूस चटकन खिळतो. त्यामुळे व्यसन आणि अफवा एकाच खतावर पोसतात.

अफवेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश तेव्हा मोबाइलवरून फिरत होते; ते माणसांनीच पुढे ढकलले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. अडसर छोटा, पण हात क्षणभर थांबवणारा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं, माणसाशी संवाद साधणारं यंत्र याहून अधिक करू शकतं. २०२४ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कटकारस्थानाच्या कथांवर विश्वास असलेल्या अमेरिकी लोकांशी यंत्राने त्यांचाच मुद्दा धरून, पुराव्यानिशी संवाद साधला. त्यांचा विश्वास सरासरी सुमारे २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही परिणाम टिकून होता. घरच्या ग्रुपवर काकांना 'हे खोटं आहे' म्हटलं की अबोला होतो. यंत्र चिडत नाही, थकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तेच यंत्र बिनदिक्कत चुकीचंही सांगतं. म्हणून त्याने पुरावा दाखवावा आणि निवाडा आपण करावा.

असा मदतनीस मराठीतून, प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा: संदेश पुढे पाठवण्याआधी त्याचा उगम दाखवणारा, ठरवलेली वेळ संपली की थांबवणारा. कंपन्या तो आपणहून देतील, या भरवशावर राहू नये. कायद्याने आणि ग्राहक म्हणून तो मागून घ्यावा लागेल. वडगावात भोंगा वाजला, पण सात ही वेळ गावाने ठरवली होती. आपल्या घरची वेळ आज रात्री आपणच ठरवू या.