हो ला हो म्हणू नकोस

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तिकडे थंडी वाढली म्हणतेस. कानटोपी घालत जा. इकडे मृग बहाराचे पेरू उतरताहेत, भाव बरा आहे, पण पोपटांनी वात आणलाय. आजीचा गुडघा आहे तसाच.

परवा फोनवर म्हणालीस, "अण्णा, मी सगळ्यांना हो म्हणते, म्हणून घरात शांतता आहे." मग बोलता बोलता निघालं की भांडी रोज तूच घासतेस आणि भाड्यातही तुझाच वाटा जास्त. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय गं.

सध्या जुन्या चिनी आणि ग्रीक विचारांचं वाचतोय, तर पानापानावर तूच आठवतेस. जुळवून घेणं वेगळं आणि री ओढणं वेगळं, हे कन्फ्यूशियसनं स्पष्ट सांगितलं होतं. त्याच काळात छी राज्यात येन यिंग नावाचा मंत्री होता. राजा एका लाडक्या दरबाऱ्याबद्दल म्हणाला, याचं-माझं छान जुळतं. येन यिंगनं तोंडावर सुनावलं, तो नुसती मान डोलावतो! रश्शाला पाणी, विस्तव, आंबट, खारट सगळं लागतं. पाण्यात पाणी ओतून कोण जेवेल?

ग्रीकांची तऱ्हा निराळी. पायथागोरसच्या पंथाला सुरांत माप सापडलं: तार निम्मी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की पंचम. हेराक्लिटसच्या मते धनुष्य काय, वीणा काय, उलटसुलट ताणावरच उभी. गणित सुंदर आहे, पण तुम्हा चार पोरींच्या घरात तारेचं माप कोण घेणार? मला येन यिंग जवळचा वाटतो, कारण तो रोज चाखून उणं असेल ते घालायला सांगतो. ताणाला भिऊ नये, एवढं मात्र हेराक्लिटसकडून घे.

आणि आपली शिर्डी हाताशीच आहे की. १८९७ पासून रामनवमीच्या दिवशी उरूस भरू लागला, १९१२ पासून रामजन्मही होऊ लागला. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल संदल काढत. एकासाठी दुसरं कुणी बंद केलं नाही. लहानपणी त्या गर्दीत तू माझ्या खांद्यावर बसून माझे केस ओढायचीस. तेव्हा तुला नको असलेलं काही कुणी करून दाखवावं!

तर भांड्यांचा विषय रविवारी काढ, जेवणं झाल्यावर, उपाशीपोटी नको. भाड्याचा हिशेब कागदावर मांडून ने. आवाज चढवू नकोस, पण "जाऊ दे" म्हणून उठूही नकोस. काय ठरलं ते रात्रीच कळव, मी जागा असेन. आजी कुरडया पाठवतेय.

तुझा,
अण्णा