कोळ्याच्या जिवावरचा संसार

चेन्नईत बाल्कनीतल्या जास्वंदीवर बोटभर लांबीचा चकचकीत पक्षी आला की हौसेनं फोटो निघतो आणि मित्रमंडळींत फिरतो, ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला!’ हमिंगबर्ड राहतात फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत. आपल्याकडे येतो तो शिंजीर. हमिंगबर्ड नात्यानं पाकोळीला जवळचा, तर शिंजीर चिमणी-कावळ्यांच्या गणातला. फुलातला मध पिण्याचा धंदा एक, म्हणून लांब चोच आणि नळीसारखी जीभ दोघांनाही लाभली. मात्र हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. शिंजीर बहुधा फांदी पकडून बसतो. त्याला तरंगणं जमत नाही असं नाही, पण क्षणभरच.

चेन्नईत जांभळा शिंजीर आहे, जांभळ्या पाठीचा आहे आणि लांब बाकदार चोचीचा लोटनचा शिंजीरही आहे. हे लोटन म्हणजे 1752 ते 1757 या काळात सिलोनचे डच गव्हर्नर. कारभार कसा केला ते कुणाला आठवत नाही, पक्ष्यामुळे नाव राहिलं!

जांभळ्या पाठीच्या मादीचं घरटं एकदा जवळून पाहा. बारीक काड्या, गवताचे तंतू आणि ते सगळं बांधून ठेवणारी कोळिष्टकं. बाहेरून सालीचे तुकडे, वाळका कचरा चिकटवलेला. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी. आत कापसासारखी मऊ गादी. लांबून पाहिलं तर तारेला अडकलेलं जळमटच वाटतं. शत्रूला फसवायला हे उत्तम, पण झाडू घेतलेला माणूसही तसाच फसतो. तिकडे अमेरिकेत हमिंगबर्डची मादीही कोळ्याचाच धागा वापरते.

आणि शिंजिराची पिल्लं काही मधावर वाढत नाहीत. त्यांना किडे लागतात, कोळी लागतात; नर-मादी दोघंही ते आणून भरवतात.

हल्ली पक्ष्यांसाठी साखरपाण्याच्या बाटल्या विकत मिळतात. माझं ऐकाल तर ते पैसे वाचवा. कुंडीत जास्वंद लावा, तिच्यावर कीटकनाशक मारू नका. भोगीच्या आधी घर झाडायला काढाल तेव्हा बाल्कनीतलं जळमट ओढण्याआधी त्याला दार आहे का, एवढं बघा. दोन अंडी असू शकतात आत. घरात कुणी कुरकुरलंच, तर रेडिओवर सांगितलंय म्हणा.