मुठीला कुलूप

मोटारसायकलच्या मुठीला कुलूप बसवावं की नाही, हा प्रश्न आत्मा अमर आहे की नाही याच्याइतकाच गहन आहे. फरक इतकाच, की आत्म्याच्या प्रश्नानं मनगट दुखत नाही.

अलिबागहून पेणच्या शाखेत जाऊन येऊन साठेक किलोमीटर होतात. तेवढा वेळ उजव्या हातानं मूठ पिळून धरायची. वीस वर्षं शिक्के मारून हे मनगट आधीच कामातून गेलेलं. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "साहेब, थ्रॉटल लॉक टाका. मूठ जिथल्या तिथे बसते. हात सोडून खुशाल शेंगदाणे खा."

आता मुठीचं असं असतं, की तिला स्प्रिंग असते. हात सुटला की मूठ आपोआप परत फिरते आणि गाडी मंदावते. हे लॉक त्या स्प्रिंगचीच मानगूट धरतं. वेगाशी त्याला कर्तव्य नाही. मोटारीतला क्रूझ कंट्रोल निदान वेग मोजतो. त्याचं पेटंट 1950 साली राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनियरला मिळालं, आणि हा गृहस्थ लहानपणापासून आंधळा होता! आमचं लॉक त्याच्यापेक्षा आंधळं. कार्लेखिंडीच्या चढावर गाडी धापा टाकणार, उतारावर उधळणार. जोर लावला तर मूठ फिरते म्हणे. पण जोर लावायला आधी हात मुठीवर हवा ना? समृद्धी महामार्गावर त्याचं चीज झालं असतं, पण तिथं दुचाकीला बंदी. आमच्याकडे पोयनाडच्या बाजारात म्हैस आडवी येते, शनिवारी मुंबईकर येतात. दोघांनाही आरशात बघायची सवय नाही.

रेल्वेनं हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलाय. लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं. सोडलं की ब्रेक. पुढे रूळ मोकळा असूनही! म्हणजे तिथं माणूस हजर असेल तरच गाडी चालते, आणि लॉक लावलं की माणूस नसला तरी चालते. तेव्हा मी लॉक बसवलं नाही. मनगटाला बाम लावतो.

पण काउंटरवर बसलो की माझीच पंचाईत होते. तिथं मी दिवसभर कुलपंच विकतो. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणजे दुसरं काय? एकदा सही केली की दर महिन्याला पैसे आपोआप जातात. एक आजी दर पाच तारखेला पासबुक भरायला येतात. मुलगा मुंबईला. "त्यानंच टाकलेत ना रे बाबा?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

आता काय सांगावं? टाकले कॉम्प्युटरनं. मुलानं सही केली त्याला सहा वर्षं झाली. बरं, ती सही नसती तर पैसे दरमहा पाच तारखेलाच आले असते, असं छातीठोकपणे सांगायला मी काही त्या मुलाला ओळखत नाही. कुलूप आहे म्हणून आजींच्या घरात गॅस पेटतो, हेही खरंच.

मी "होय आजी" म्हणतो आणि पासबुक मशीनमध्ये सरकवतो. आजी ती ओळ बोटानं शोधतात. तिथं मुलाचं नाव नसतं, नुसतं 'एस. आय.' छापलेलं असतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.