अर्धा गुण

शाळेत मी अर्धा गुण देतो, तेव्हा तो का दिला हे मला सांगता येते. बुद्धिबळाच्या स्पर्धेत डाव बरोबरीत सुटला की दोघांच्या नावांपुढे अर्धा-अर्धा गुण पडतो. तो कसा आला, हे मात्र कागद सांगत नाही.

आमच्या गावच्या स्पर्धेत मंडळातल्याच दोघा गृहस्थांचा शेवटचा डाव रंगला होता. एक बँकेतले कारकून, दुसरे दुकानदार. शेवटी कारकुनांपाशी राजाखेरीज एक उंट आणि एक प्यादे उरले. दुकानदारांचा नुसता राजा. बघ्यांना वाटले, संपलेच की! पण ते प्यादे पटाच्या अगदी कडेच्या पट्टीतले. ज्या कोपऱ्यात पोचून त्याचा वजीर व्हायचा, ते घर पांढरे, आणि उंट काळ्या घरांतला. राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला हुसकावणार कोण? फार दाबावे, तर शह नाही आणि हलायला घरही नाही, अशी कोंडी होते, तीही बरोबरीच. दुकानदारांनी हे आधीच हेरून, दुसऱ्या प्याद्यापायी आपला घोडा खुशाल देऊन टाकला होता. (हिशेबी माणूस! उधारीही अशीच वसूल करतात.)

अर्ध्या गुणाची दुसरीही एक जात आहे. 1962 साली कुरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेत्रोस्यान, गेलर आणि केरेस या तिघा सोव्हिएत खेळाडूंनी आपापसांतले बाराही डाव बरोबरीत सोडवले. चौथ्या आलेल्या फिशरने उघड आरोप केला की, हे संगनमत आहे. तो पहिल्यापासून साडेतीन गुण मागे होता, तेव्हा सारे खापर त्या बरोबऱ्यांवर फोडणे मला पटत नाही. नियमही कोणी मोडला नव्हता. दोघे राजी, डाव मिटला. पण दोघांच्या राजीखुशीची किंमत दुसऱ्या पटावर घाम गाळणाऱ्या तिसऱ्याने भरायची, हा कुठला न्याय? पुढे 1965 पासून ही निवड दोघादोघांच्या सामन्यांनी होऊ लागली, ते उगीच नव्हे.

आमच्याकडेही असा तिसरा होताच. माझ्याच वर्गातला एक मुलगा. दुकानदार हरते, तर तिसरे बक्षीस त्याचे होते. पोरगा शेवटच्या खेळीपर्यंत त्या पटाशी उभा होता. बाहेर पडताना मी धीराचे दोन शब्द जुळवत होतो, तोच त्याने विचारले, "सर, उंट पांढऱ्या घरांतला असता तर?"