मंडळीच्या वहीतले पूर्वज

आपल्या पणजोबांचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? आणि त्यांचा व्यवसाय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळजण देतील. दुसऱ्यापाशी मात्र अनेक घरांत संभाषण अवघडते.

लखनौच्या परिसराचे उदाहरण घ्या. १८५७ च्या उठावानंतर सरकारने अवधमधील जमीन मोठ्या प्रमाणात तालुकदारांच्या हाती दिली. महसुलाच्या कागदांत जमिनीचा धनी आला, कूळ आले. परंतु दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनाचे नाव तेथे येण्यास कारणच नव्हते. शिरगणतीने त्याला मोजले, पण त्याचे नाव जपले नाही. १८५८ साली लखनौत मेथडिस्ट मिशनचे कार्य सुरू झाले. पुढे त्या प्रांतातील खेड्यापाड्यांतून दलित कुटुंबे समूहाने ख्रिस्ती झाली. लखनौच्या लालबाग मंडळीत पाळक म्हणून आलेल्या जे. वास्कम पिकेट यांनी अशा समूह-चळवळींवर १९३३ साली ग्रंथच लिहिला. अशा एखाद्या मजुराचा बाप्तिस्मा वहीत लिहिला गेला, तेव्हा बहुधा प्रथमच त्याचे नाव कर्ज वा खटल्यासाठी नव्हे, तर त्याच्या स्वतःसाठी कागदावर आले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले, त्यांच्याविषयीही हेच म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम १५३८ साली झाला. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत बापाचा धंदाही येऊ लागला. तेथील शेतमजुराचा वंशज आपला पूर्वज ‘मजूर’ म्हणून सापडला, तरी त्याला फारसा संकोच वाटत नाही. आपल्याकडे मात्र धंद्यामागे जात उभी असते. म्हणून आपण उच्चवर्णीय धर्मांतरितांची चरित्रे अभिमानाने सांगतो आणि आपल्याच आज्याचे पान मिटून ठेवतो. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि रूथ यांना वगळले नाही, हे आपण विसरतो.

तथापि पान मिटणारा प्रत्येकजण लाजेनेच मिटतो असे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ज्या नोंदीने आजोबांना माणूस म्हणून नाव दिले, तीच नोंद नातवाची शिष्यवृत्ती हिरावू शकते. सत्याची ही किंमत गरिबालाच मोजावी लागते. ज्यांचे काहीच बुडत नाही, त्यांनी त्याला प्रामाणिकपणाचे प्रवचन देणे हा न्याय नव्हे. त्याचे ओझे हलके करण्यासाठी उभे राहणे, हे मंडळीचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरवलेल्या नोंदणीच्या नमुन्यात वराचा व वधूचा बाप विचारला आहे. आई विचारलेली नाही. तिच्या नावासाठी घरातील वृद्ध स्त्रियांपाशीच बसावे लागेल, आणि त्या फार दिवस थांबणाऱ्या नाहीत.

वाचकहो, प्रतिष्ठेसाठी वंशावळ धुंडाळू नका. निष्फळ वंशावळींत गुंतू नका, असे पौलाने तीमथ्याला बजावलेच आहे. ऋण ओळखण्यासाठी मात्र अवश्य शोधा. पाळकांच्या अनुमतीने वही उघडा, वाळवी लागण्यापूर्वी नक्कल करून घ्या, आणि धंद्याच्या रकान्यात जे असेल ते आपल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या हातांनी कष्ट केले, म्हणून आपल्या हाती आज पुस्तक आहे.