परत न येणाऱ्याचे ताट

रखडलेल्या एसटी गाड्यांविषयी पुरेसे लिहून झाले आहे आणि त्यांवरचे खुलासेही नेहमीच्याच शब्दांत येऊन गेले आहेत. म्हणून येथे विचार करायचा आहे तो गाडीचा नव्हे, तर गाडी जिथे थांबते तिथल्या ताटाचा. आरक्षण असूनही उभ्याने झालेला, वाटेत टायर बसल्याने लांबलेला आणि ज्या कामासाठी निघावे तेच काम हुकवणारा प्रवास एका चांगल्या जेवणाने सुसह्य होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु ज्या खानावळवाल्याच्या हाती हे सामर्थ्य असते तो बहुधा ते वापरायचे नाकारतो आणि नाकारताना जी सबब पुढे करतो, ती जेवणापेक्षाही निकृष्ट असते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे या विचारासाठी योग्य ठिकाण आहे. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून येथे सेलूची वाट फुटते. रेल्वे सेलूला आहे, जिंतूरला नाही, त्यामुळे गाडी बदलणे, गाडीची वाट पाहणे आणि गाडी चुकणे ही तिन्ही कामे या टापूतल्या माणसाला फाट्यावरच उरकावी लागतात. मुख्य रस्त्याला आडवाट जिथे मिळते त्या अशा जागी थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांचे घर तेथे नसते, आणि नेमकी तेथेच त्यांना भूक लागते. मुलूख ज्वारीचा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हा आणि लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा, असे ज्वारीचे वाण दिले. 2023 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनीच भरडधान्यांच्या नावे केले. तरीही मराठवाड्यातल्या हमरस्त्यांवरच्या खानावळींचे फलक वाचत गेल्यास पनीर, काजू आणि तंदूर रोटी यांपलीकडे पाकशास्त्र गेलेले दिसत नाही, सर्व भाज्यांना एकच लाल रस्सा पुरतो, आणि भाकरी मागणाऱ्याला ‘वेळ लागेल’ असे ऐकवून त्याचा उत्साह मावळण्याची वाट पाहिली जाते.

चांगले जेवण नाकारण्याची ती सबब अशी: ‘जाणारं-येणारं गिऱ्हाईक, परत थोडंच येणार आहे?’ या एका वाक्यात एक संपूर्ण नीतिशास्त्र दडले आहे, आणि त्याचा मुख्य सिद्धान्त असा की, प्रामाणिकपणा ही उधारी असून जिथून वसुलीची आशा नाही तिथे ती देऊ नये. हा सिद्धान्त खरा धरला तर सरणाची लाकडे विकणाऱ्याने नेहमी ओलेच लाकूड द्यावे, कारण त्याचे गिऱ्हाईक तर खात्रीनेच परत येत नाही. शिवाय नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू व्हायला हवा. ज्याला पुन्हा यायचे नाही त्या प्रवाशाने पैसे तरी का द्यावेत? पण या बाजूचा विचार आधीच झालेला असतो, म्हणून गल्ल्यावर कूपन अगोदर फाडले जाते आणि भाजी मागाहून समोर येते. याहून मौजेची गोष्ट ही की, मूळ विधानच खोटे आहे. प्रवासी परत येत नसेल, गाडी रोज येते. ती कुठे थांबवायची हे ज्यांच्या हाती, त्या चालक-वाहकांसाठी अनेक ठिकाणी आतल्या बाजूला वेगळे टेबल असते, त्यांची पोळी तव्यावरून थेट येते, त्यांच्या वरणात डाळ सापडते आणि त्यांच्याकडून पैसेही मागितले जात नाहीत. म्हणजे त्याच भटारखान्यात, त्याच आचाऱ्याला चांगला स्वयंपाक येतो. तो कोणाला वाढायचा एवढाच निर्णय गल्ल्यावर झालेला असतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात अशाच दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. अजाण गिऱ्हाइकाकडूनही वाजवीच दाम घेणारा दुकानदार जर धंदा टिकावा म्हणून तसे वागत असेल, तर त्याचे वागणे उचित असले तरी त्याला नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्यबुद्धीतून, म्हणजे योग्य आहे एवढ्याच कारणासाठी करण्याच्या वृत्तीतून, आलेले नाही. कांट कोनिग्सबर्ग आणि त्याचा परिसर सोडून फारसा कोठे गेला नाही. एसटीने दिवसभर फिरला असता तर हिशेबापोटी प्रामाणिक राहणाऱ्यावर तो इतका कठोर झाला नसता.

गॅस महागला, माणसे मिळत नाहीत, गाडी वीसच मिनिटे थांबते: असेल. तेलाला मात्र सबब नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचे विघटन होऊन त्यात जी ध्रुवीय संयुगे साठतात, त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून देशभर लागू आहे. प्रवाशाच्या घशाला तो पाठ आहे.

देवगाव फाट्यावरून याच रस्त्याने जिंतूर, औंढा, वसमत करीत पुढे गेल्यास नांदेडला गुरुद्वाऱ्याचा लंगर, म्हणजे सर्वांना खुला असलेला सामुदायिक भोजनाचा उपक्रम लागतो, जिथे जेवणारा परत येणार की नाही हे कोणी विचारत नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी जिल्ह्यातून जाते, तेव्हा वाटेवरची गावे अनोळखी वारकऱ्यांना आग्रह करून जेवू घालतात. धर्म आणि धंदा एक नव्हेत, हे मान्य; पण फुकट वाढताना जो आग्रह सुचतो तो पैसे घेतल्यावर का सुचू नये, याचे उत्तर मिळत नाही. गरम भाकरी, पिठले, ठेचा आणि फोडलेला कांदा यांनी गाडीचा उशीर भरून निघत नाही, हुकलेली कचेरीची वेळ परत येत नाही. मात्र सकाळपासून ज्याला केवळ ढकलले, थांबवले आणि हलवले गेले, त्याला ‘अजून अर्धी वाढू का?’ असे विचारणारा दिवसातला पहिला माणूस भेटतो, आणि दिवस सावरतो तो त्या प्रश्नाने.

एसटी महामंडळाने अधिकृत थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आणली होती. योजना चांगलीच होती, पण नुसत्या योजनेने वाढणाऱ्याची वृत्ती बदलत नाही. आचाऱ्याला कांट शिकवता येणार नाही, आणि शिकवलाच तर भाकरीला आणखी वेळ लागेल. ताट सुधारेपर्यंत वाचकांनी एवढे करावे: गाडी थांबली की फलक वाचत बसू नये, आतल्या टेबलावर चालकाच्या ताटात काय आहे ते पाहावे, आणि कूपन फाडण्यापूर्वी तेच मागावे.